खारेपाटाचा बांध कोणी राखायचा?

उधाणाचे पाणी सातबारा पाहून शेतात शिरत नाही. बांधाला जेथे खांड पडते, तेथून ते आत येते आणि अर्ध्या एकराचा धनी व दहा एकरांचा धनी यांना सारखेच बुडवते. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाटात हे सत्य लहान मुलालाही ठाऊक असते. शासनाच्या धोरणात मात्र ते अद्याप उतरलेले नाही. आपल्या चळवळीच्या कार्यक्रमातही ते जितक्या ठळकपणे यावयास हवे होते तितके आले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

धरमतरच्या खाडीलगतचा हा सखल मुलूख खाडीकडून माणसाने मिळवलेला आहे. मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, पावसाळ्याच्या आरंभीच्या सरींनी जमिनीतला खार धुऊन काढायचा, ते पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत सोडायचे आणि भरती येताच उघाडीची झडप मिटू द्यायची, अशी ही व्यवस्था. त्यानंतरच रहू टाकता येतो, म्हणजे मोड आणलेले भाताचे बी चिखलणीवर फेकता येते. काळा रत्ता, भुरा रत्ता यांसारखी खार सोसणारी भाते याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे नव्या जाती काढल्या. भाताबरोबर गावतळ्यातला जिताडा आहे, पहिल्या पावसातली वलगणीची मासळी आहे. या साऱ्याचा आधार एकच, तो म्हणजे बांध. एकदा खांड पडली आणि वेळीच बुजली नाही, तर नुसते त्या वर्षाचे पीक जात नाही. जमीनच खारावते, आणि पुन्हा पिकाखाली येण्यास तिला काही पावसाळे लागतात.

असा बांध एकट्यादुकट्याने राखता येत नाही. आपल्या शेतासमोरचा तुकडा कोणी कितीही भक्कम केला, तरी शेजाऱ्याचा तुकडा कच्चा असेल तर त्याचे कष्ट व्यर्थ जातात. म्हणून गावकी बसे, उन्हाळ्यात घरटी माणूस बांधावर जाई, खेकड्यांची बिळे आणि खचलेल्या जागा चिखलाने लिंपल्या जात आणि उधाणाच्या रात्री राखण होई. शाश्वत जीवनपद्धती, लोकसहभाग हे शब्द परिसंवादांतून रूढ होण्याच्या कितीतरी आधी आगरी शेतकऱ्याने ते कमरेइतक्या चिखलात उभे राहून आचरणात आणले होते.

परंतु त्या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. बांध कष्टकऱ्याच्या हाताने उभा राहिला, पण जमीन त्याची नव्हती. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री पद्धतीत बांधाच्या डागडुजीसाठी म्हणून कुळाकडून जादा धान्य वसूल केले जाई. खोतीचा जाच तर सर्वश्रुतच आहे. तो असह्य झाला तेव्हा 27 ऑक्टोबर 1933 रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते न कसण्याचा निर्धार केला आणि सुमारे सहा वर्षे तो निभावला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे या संपाचे बळ होते. पुढे 1948 चा कूळकायदा झाला, 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने कसणारा कायद्याने धनी झाला.

येथेच एक प्रश्न अनुत्तरित राहिला. जमीन वाटता आली, बांध वाटता आला नाही. खोत गेला, हे योग्यच झाले. पण बांधाच्या नावाने वसुली करणारा गेल्यानंतर बांधाचा खर्च कोणी सोसायचा आणि त्यावर अधिकार कोणाचा, याचे लोकशाही उत्तर शोधले गेले नाही. मुंबई राज्याने 1948 साली खारजमिनींचा कायदा केला. महाराष्ट्राने 1979 साली खारजमीन विकासाचा नवा कायदा करून बांधबंदिस्तीच्या योजना हाती घेतल्या. शासनाने ही जबाबदारी पत्करणे आवश्यकच होते, कारण खाडीच्या तोंडावरचा बांध गरीब गावाच्या कुवतीबाहेरचा असतो. मात्र बांध शासकीय योजनेचा झाला की गावाच्या मनातून तो ‘खात्याचा’ होतो, आणि योजनेबाहेरचा राहिला की खाते त्याला ‘खाजगी’ म्हणते. खांड मे महिन्यात हातभर असते तेव्हा अंदाजपत्रक तयार नसते, आणि निविदा निघेपर्यंत श्रावणातील उधाणाने ती पुरुषभर रुंद केलेली असते. ज्या कामाला चार पाट्या चिखल पुरला असता, त्याला यंत्रे लागतात. गावकी मोडली आणि तिच्या जागी कचेरी आली, पण कचेरीला रात्री बांधावर जाऊन झोपता येत नाही.

त्यात नव्या संकटांची भर पडली आहे. धरमतर खाडीतील बार्जेसच्या लाटांनी बांध खचतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. मुंबईकर धनिकांनी घेऊन पडीक टाकलेल्या जमिनींच्या समोरचा बांध राखण्यास कोणीच नसते. समुद्राची पातळी वाढते आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्याची काय दशा केली ते सर्वांनी पाहिले. शिवाय खारावलेल्या शेतात तिवरे उगवतात. कांदळवनांना संरक्षण हवेच. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय स्वागतार्हच आहे, आणि बांधाबाहेरची तिवरे लाटा झेलून बांधाचेच रक्षण करतात. परंतु बांध दुरुस्त न केल्यामुळे शेतात शिरलेली तिवरे शेतकऱ्याच्या माथी मारून त्यालाच जंगलाचा शत्रू ठरवणे हा न्याय नव्हे. नाकर्तेपणा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा प्रकार होतो.

सामायिक मालमत्ता माणसे ओरबाडून संपवतात, म्हणून ती खाजगी तरी करावी किंवा सरकारच्या ताब्यात तरी द्यावी, असे मत गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या लेखापासून बराच काळ प्रभावी होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेनमधील कालवे, स्वित्झर्लंडमधील कुरणे अशी उदाहरणे अभ्यासून ते अपुरे असल्याचे दाखवले. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. लोकांनी स्वतः नियम केले, त्यांवर स्वतः देखरेख ठेवली आणि शासनाने त्यांचा तो अधिकार मानला, तर सामायिक गोष्टी शतकानुशतके टिकतात, हा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष. समुद्रसपाटीखाली वसलेल्या हॉलंडमध्ये बांध व पाणी सांभाळणारी स्थानिक मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. त्यांना कर बसवण्याचा अधिकार आहे, त्यांच्या निवडणुका होतात, आणि मोठ्या बांधकामाचा भार देशाची तिजोरीही उचलते. खारेपाटाला हवे आहे ते याहून फार निराळे नाही.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. श्रमदानाचे कौतुक करून शासनाने अंग काढून घेणे हा आजच्या अर्थनीतीचा आवडता खेळ आहे. शिवाय श्रमदानातही विषमता असते. घरटी एक माणूस हा नियम दिसायला समान. पण दहा एकरवाल्याचे दहा एकर वाचतात आणि अर्ध्या एकरवाल्याचा अर्धाच, तर भूमिहीन मजुराचे व कातकऱ्याचे काहीच नाही. तेव्हा वर्गणी जमिनीच्या प्रमाणात आणि श्रमाला मजुरी, हेच सूत्र न्याय्य ठरेल. मागेल त्याला काम देण्याचा कायदा महाराष्ट्राने 1977 साली केला. बांधाचा चिखल हे त्या तत्त्वात अचूक बसणारे काम आहे. ज्या स्त्रिया बांधावर राबतात त्यांना समितीत जागा नसणे आणि खाडीवर जगणाऱ्या कोळ्याला न विचारता उघाडीची जागा ठरणे, या जुन्या गावकीच्या खोडी नव्या व्यवस्थेत येता कामा नयेत.

हे सारे स्वप्नरंजन वाटत असेल त्यांनी याच मुलखाचा अलीकडचा इतिहास आठवावा. शहापूर-धेरंड परिसरात औष्णिक वीजप्रकल्पांचे प्रस्ताव आले तेव्हा शेतकऱ्यांनी श्रमिक मुक्ती दलाच्या साथीने भात आणि तळ्यातील मासळी यांचा हिशेब मांडून आपली जमीन ‘नापीक’ नसल्याचे सांगितले. ते वीजप्रकल्प तेथे उभे राहिले नाहीत. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत महामुंबई सेझसाठी जमीन देण्याबाबत शासनाला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, आणि तो कौल नकाराचा होता. परंतु मोर्चाने राखलेली जमीन खांडीतून जाऊ शकते. संपादनाच्या नोटिशीविरुद्ध हजारो जमतात. उधाण मात्र नोटीस देत नाही. खारावलेली जमीन विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि तेव्हा संपादनाची गरजही राहत नाही.

म्हणून खारेपाटातील कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यात सभेच्या आधी बांधाची फेरी घ्यावी. प्रत्येक उघाडी, प्रत्येक कच्ची जागा गावकऱ्यांसह वहीत नोंदवावी आणि ती वही ग्रामसभेपुढे ठेवावी. बांध समितीला कायद्याने अधिकार, तातडीच्या दुरुस्तीसाठी तिच्या हाती दरवर्षी निधी, ‘खाजगी’ ठरवून वाऱ्यावर सोडलेल्या बांधांचा योजनेत समावेश आणि बार्ज वाहतूकदारांकडून बांधासाठी आकार, या चार मागण्यांवर गावे एकत्र येऊ शकतात. कसेल त्याची जमीन हे चरीच्या पिढीने खरे करून दाखवले. ती जमीन खाडीला परत जाऊ न देणे हे आजच्या पिढीचे काम आहे, आणि ते पहिल्या उधाणापूर्वी सुरू झाले पाहिजे.