शोकेसमधलं पाणी

मागच्या शनिवारी हापिसातला एक मित्र घरी आला. चपला काढता काढता त्याची नजर टेबलाकडे गेली आणि म्हणाला, "काय रे, कॉम्प्युटर दुरुस्तीला काढलायस?"

म्हटलं, नाही. तो असाच असतो.

"असाच म्हणजे उघडा? मग कॅबिनेट कधी घेणार?"

मंडळी, गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की 'लग्न कधी करणार' हा प्रश्नसुद्धा मागे पडलाय. आज सुट्टी आहे, चहाचा दुसरा कप झालाय, तर एकदाच काय ते सांगून टाकतो. कॅबिनेट घेणार नाही. होतं, ते विकलं. आणि ज्यांच्याकडे पाण्यावर थंड होणारी मशीन काचेच्या पेटीत बंद आहे, त्यांनी माझ्या टेबलावर हसण्याआधी आपापल्या पेटीत एकदा टॉर्च मारून बघावा.

माझंही होतं तसंच. काळसर काच, रंग बदलणारे पंखे, गणपतीच्या मखराला नसते एवढी रोषणाई. पारदर्शक नळ्यांतून निळसर पाणी फिरताना दिसायचं. म्हणजे जेवढं दाखवायचं तेवढंच दिसायचं. प्रोसेसरवरच्या ब्लॉकला दोन फिटिंग असतात, एक पाणी आत जायला, एक बाहेर यायला. त्यातलं मागचं काचेतून दिसत नव्हतं आणि नेमकं तेच पाझरत होतं. थेंबही नाही, नुसता ओलावा. आता उभ्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड आडवं बसतं. वरून जे काही सुटेल ते थेट त्याच्या पाठीवर. एप्रिलमधल्या एका रात्री स्क्रीन काळी झाली. काच काढली, कार्ड काढलं, त्याच्या पाठीवरचा पत्रा काढला, तर आत हिरवट थर. तांबं खाल्लं गेलं होतं. हे एका रात्रीत होत नाही. निदान दोन-तीन आठवडे चाललं असणार.

ते कार्ड म्हणजे माझा दीड महिन्याचा पगार. वॉरंटीवाल्याने फोटो बघूनच हात वर केले, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पैसे गेल्याचं दुःख झालंच. पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ते दोन-तीन आठवडे मी रोज रात्री त्या पेटीसमोर बसत होतो. बघत होतो. कौतुकाने!

तुमच्या घरी शोकेस होती का हो? आमच्याकडे होती. सरकत्या काचा, आत जयपूरहून आणलेला हत्ती, बक्षीस मिळालेली ढाल, आणि एक बारा कपांचा सेट ज्यातून मी जन्मल्यापासून कोणीही चहा प्यायलेलं नाही. कपाला तडा गेला असता तरी कळलं नसतं, कारण त्यात चहा ओतायचाच नव्हता. बिचाऱ्या कपांचं काही बिघडत नाही त्याने. पण ज्यातून दिवसभर पंपाच्या जोरावर पाणी फिरतंय आणि ते पाणी विजेपासून काही मिलिमीटरवर आहे, त्या वस्तूला शोकेसमध्ये ठेवायचं?

बरं, काचेचा थंडाव्याला उपयोग होतो म्हणावं तर तेही नाही. पाणी जादू करत नाही. ते फक्त एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी नेतं. प्रोसेसर आणि कार्ड मिळून ४०० वॅट उष्णता देत असतील आणि पाणी मिनिटाला ४ लिटर फिरत असेल, तर एका फेरीत पाण्याचं तापमान दीड अंशसुद्धा वाढत नाही. (बारावीचं गणित आहे, करून बघा.) म्हणजे पाणी आधी कुठल्या ब्लॉकमधून न्यायचं यावर लोक तासन् तास भांडतात, त्याला फारसा अर्थ नाही. खरी लढाई रेडिएटरवर असते. त्याला गार हवा मिळाली पाहिजे, बस्स. आणि काचेच्या पेटीत त्याला काय मिळतं? कडेच्या बोटभर फटीतून ओढलेली, आतल्या भागांनी आधीच तापवलेली हवा. माझ्याकडे खोलीत ३१ अंश असताना, तेच काम चालू असताना, पेटीत पाणी ४४ पर्यंत जायचं. तोच रेडिएटर, तेच पंखे उघड्यावर आणले तर ३८. एक पैसा खर्च न करता सहा अंश. खोलीच्या तापमानाखाली मात्र पाणी कधीच जाणार नाही, उघडं ठेवा नाहीतर झाकून. पुण्याचा एप्रिल हा पुण्याचा एप्रिलच.

यंत्र पाण्याने थंड करणं ही काही गेमिंगवाल्या पोरांनी काढलेली फॅशन नव्हे. आयबीएमच्या ३०८१ मध्ये १९८० सालीच प्रोसेसरचे मोड्यूल गार पाण्यावर थंड होत होते. इथे पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली 'परम ब्रह्म' बसवला, त्यातही द्रव थेट चिपच्या डोक्यावरून फिरवतात. तिथे कोणी पाण्यात निळा रंग घालत असेल तर नक्की कळवा.

आणि एक गोष्ट तर फारच डोक्यात जाते. पॉवर सप्लायच्या वायरी आठवतात? पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल ५, केशरी ३.३, काळी अर्थ आणि हिरवी चालू करायची. हिरवी आणि काळी स्टेपलच्या तारेने जोडली की बोर्डाला वीज न देता नुसता पंप चालवता येतो. गळती तपासायची ही सगळ्यात स्वस्त आणि जुनी युक्ती. आता चांगल्या पॉवर सप्लायच्या सगळ्या वायरी काळ्या. का? तर काचेतून बऱ्या दिसाव्यात म्हणून! रंगांची अख्खी भाषा होती ती, पुसून टाकली. आता कनेक्टर हातात धरून सोळावी पिन मोजत बसा.

तर बेंच. ते विकत मिळतात, पण त्यातले महागडे पुन्हा शोकेसच्याच जातीचे. मी बोहरी आळीतून एक इंची अॅल्युमिनियमचा अँगल आणला, वरच्या फळीसाठी ५ मिमीचा अॅक्रिलिकचा तुकडा, नट, बोल्ट आणि मूठभर वायसर. कागदावर चित्र फार सुंदर होतं. पहिला पाय कापला तो तिरका. दुसरा त्याहून तिरका. अॅक्रिलिकला ड्रिल मारलं तर टक्कन तडा.

रविवारी बाबा आले. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं फिटर होते. मी इंजिनियर, डिग्रीवर तसं छापलंय. त्यांनी माझे पाय (बेंचचे) हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि विचारलं, "कॉलेजात फिटिंगचा जॉब केला होतास ना रे?"

केला नव्हता. फर्स्ट इयरला लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची आणि दुसऱ्या तुकड्यात बसवायची असा जॉब होता. तो तयार मिळायचा, दोनशे रुपयांत. आमच्या बॅचमध्ये बऱ्याच जणांनी घेतला. फिटरच्या मुलानेही घेतला. बाबांना हे मी दहा वर्षांनी सांगितलं, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभं राहून.

ते काहीच बोलले नाहीत. पिशवीतून कानस काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घास आता."

दोन तास घासलं. गुण्या लावायचा, उजेड कुठून येतोय बघायचा, परत घासायचं. हाताला फोड आले. अॅक्रिलिकखाली लाकडाचा ठोकळा ठेवून, ड्रिल हळू फिरवून भोकं पाडायची असतात, हेही तेव्हाच कळलं. बाबांना मदरबोर्डातलं ओ की ठो कळत नाही, पण रेडिएटरवर पंखा लावताना माझ्या हातातला स्क्रू बघून ते म्हणाले, "लांब आहे, आत काय आहे?" आत पाण्याच्या पातळ नळ्या होत्या. पंखा २५ मिमी जाडीचा, स्क्रू ३५ चा. तो पूर्ण पिळला असता तर थेट नळीत. ३० चा लावला, खाली वायसर.

आता तुमचे आक्षेप. धूळ? बसते. पण दिसते, म्हणून पुसली जाते. पेटीत ती वर्षभर साचते. आवाज? थोडा जास्त. लहान मूल? हा मात्र खरा मुद्दा. भाचा आला की मशीन बंद करून वर प्लॅस्टिकचा टब पालथा घालतो, आणि घरात रांगतं मूल असतं तर बेंच केलाच नसता. प्रोसेसरवर पंखा नसल्याने त्याच्या शेजारच्या वीजपुरवठ्याच्या चिपा तापतात, त्यांच्यासाठी एक छोटा पंखा वेगळा लावावा लागतो. उघड्या बेंचवरही पाणी गळालं तर बोर्डावरच पडणार, मी काही गंगाजल वापरत नाही. पॉवर सप्लाय तेवढा नळ्यांखाली न ठेवता दुसऱ्या टोकाला ठेवलाय.

"पण दिसायला कसं दिसतं ते!" मित्राचं शेवटचं अस्त्र. दिसायला ते जसं आहे तसं दिसतं. आपण सगळे दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, 'लॉग बघितल्याशिवाय बोलू नकोस' म्हणून ज्युनियर पोरांना झापतो, आणि घरी स्वतःच्या पैशाची मशीन काचेमागे ठेवून तिला रोषणाई करतो. सोमवारी हापिसात तुम्ही असलं डिझाइन पास कराल का? बिघाड होणार हे माहीत आहे, तो जिथे होणार ती जागा माहीत आहे, आणि नेमकी तीच झाकायची?

परवा रात्री सवयीने सगळ्या फिटिंगखाली टिश्यू पेपर फिरवला, तर पंपाच्या खालच्या जोडापाशी तो ओलसर लागला. बंद केलं, पाणी काढलं, ओ-रिंग बघितली, चपटी झाली होती. दुसरी बसवली. पाणी भरून नुसता पंप रात्रभर चालवला, सकाळी टिश्यू कोरडा. खर्च म्हणाल तर ओ-रिंग आणि बॅटरीवाल्याकडचं एक लिटर डिस्टिल्ड वॉटर.

बेंचचा एक पाय अजून दीड मिलिमीटर आखूड आहे. त्याखाली वायसर सरकवलाय. बाबा म्हणतात काढून परत घास, पुढच्या रविवारी येतो.