‘नाही’ कुठे गेलं?

फक्त दोन अक्षरं पडद्यावर मावली नाहीत तर किती बिघडेल? मला विचारा!

मिनी प्रोजेक्ट म्हणून मी मावशीच्या बचत गटासाठी हप्त्यांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये केला. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे डोक्यात पहिला शब्द इंग्रजीच येतो. ‘नॉट पेड’ मावेल एवढी चौकट आखली आणि सबमिशनच्या आदल्या रात्री मराठी भाषांतराची फाइल जोडली. मावशीनं यादी बघितली आणि म्हणाली, “अगं, तिघींनी पैसे दिलेच नाहीत या महिन्यात. तुझ्या यादीत तर सगळ्यांनी भरलेत!” हिशोब बरोबर होता. ‘हप्ता भरला नाही’मधलं ‘नाही’ चौकटीबाहेर गेलं होतं. उरलं काय, तर ‘हप्ता भरला’!

इंग्रजीत ‘नॉट’ आधी येतं, शेवट कापला तरी ते वाचतं. आपला नकार बसतो शेवटी. शेपूट तुटलं की अर्थ उलटा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की भाषांतर हातात येईपर्यंत थांबायचंच नाही. पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅम खोट्या भाषेत चालवून बघायचा.

कसं? गेटटेक्स्ट पद्धतीत पडद्यावरचं प्रत्येक वाक्य एका फंक्शनमधून जातं. पायथॉनमध्ये त्याचं नाव बहुधा नुसतं अंडरस्कोर असतं. ते इंग्रजी वाक्य भाषांतराच्या फाइलमध्ये शोधतं. सापडलं तर मराठी देतं, नाहीतर इंग्रजीच परत देतं. टेस्टिंगच्या वेळी प्रोग्रॅम सुरू होतानाच त्याच्या जागी आपलं फंक्शन बसवायचं. हे काही शोधत नाही. आलेल्या वाक्याला दोन्ही टोकांना चौकटी कंस लावतं, ते दीडपट लांब करतं आणि ‘र्कीं’, ‘ट्रू’ अशी वर-खाली जागा खाणारी अक्षरं त्यात घुसडतं. बाकी कोडला हात लावायचा नाही.

आता स्क्रीनकडे बघा. शेवटचा कंस दिसत नाही? जागा अपुरी. कंसच नाहीत? म्हणजे वाक्य थेट कोडमध्ये लिहिलंय, त्याचं भाषांतर कधीच होणार नाही. एका वाक्यात कंसांच्या दोन जोड्या? तुकडे जोडलेत, आणि मराठीत क्रियापद शेवटी जाणार, म्हणजे गोंधळ नक्की. रफार अर्धा कापलाय? ओळीची उंची वाढवा. फक्त नाव, रक्कम भरायच्या खुणांना धक्का लावू नका, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच बंद पडेल.

ही काही माझी आयडिया नाही. केडीईमध्ये वाक्याच्या दोन्ही टोकांना ‘एक्सएक्स’ लावणारी एक चाचणीची भाषाच आहे. मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टामध्ये अशा खोट्या भाषा दिल्या, अँड्रॉइडमध्येही आहेत. मोठ्यांना याची गरज वाटते, मग आपल्याला का नको?

माझा पार्टनर म्हणतो, “खरं भाषांतर आलं की बघू ना!” अरे, तेव्हा उद्या सबमिशन असतं! हां, एक मात्र मान्य. खोटी भाषा चुकीचं भाषांतर पकडत नाही. ‘ओपन’ म्हणजे ‘उघडा’ ही आज्ञा की खातं ‘चालू’ आहे, हे मराठी वाचणारं माणूसच सांगणार. पण त्या माणसाचा वेळ कापलेल्या चौकट्या मोजण्यात का घालवायचा?

मला वाटतं, व्हायव्हात प्रत्येक ग्रुपला एकदा तरी हे करून दाखवायला लावावं. पाच मिनिटांचं काम आहे.

मावशीनं त्या दिवशी लॅपटॉप बाजूला सारला आणि जुनी वही काढली. वहीत तिघींच्या नावांपुढे ‘नाही’ स्वच्छ दिसत होतं.