पर्वणीच्या दिवशी साप चावला तर? कॅज्युअल्टीच्या डॉक्टरपर्यंत पेशंट पोचणार कसा

पंचवटी : पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडचा सिरीयस पेशंट नाशिकला न्यायचा म्हटलं की गाडी आधी पंचवटीत येते. पेठ रोडने या की दिंडोरी रोडने, पंचवटी चुकत नाही. जिल्हा रुग्णालय मात्र गोदावरीच्या पलीकडे, त्र्यंबक रोडच्या बाजूला.

आता सिंहस्थाच्या जाहीर तारखा बघा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण. नाशिकची मुख्य स्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला. रामकुंड पंचवटीत, साधुग्रामचं तपोवनही पंचवटीतच. तिन्ही स्नानं भर पावसाळ्यात. भात-नागलीच्या शेतात साप निघण्याचे दिवसही हेच. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेडमुळे नाशिककरांनाच घराबाहेर पडणं अवघड झालं होतं. मग सावळ घाटातून आलेली ॲम्ब्युलन्स पुढे जाणार कुठून?

नंबर नाही, धोका बघतात

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरचं काम साध्या दिवशीही सोपं नसतं. तिथं आधी आला तो आधी, असा नियम नाही. ज्याच्या जिवाला धोका जास्त, तो आधी. हात मोडून ओरडणारा थांबतो आणि गपगार पडलेला आत जातो. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, हे डॉक्टरला कळतं. नातेवाइकाला वाटतं, आपल्याकडे कुणी बघतच नाही. बरेचसे वाद इथूनच पेटतात.

त्यात अपघात, विषबाधा, मारहाणीची केस असली की पोलिसांना कळवायचं, कागद करायचे, आयसीयूत खाट आहे का बघायचं, आणि हे चालू असताना पुढची ॲम्ब्युलन्स दारात. डॉक्टरवर हात टाकला तर राज्याच्या २०१० च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण नुसत्या कायद्याने राग जात नाही. थांबायला का लावलं, हे नातेवाइकाला दोन वाक्यांत सांगणारा माणूस दारात हवा. तो बऱ्याच ठिकाणी नसतो.

एकदम लोंढा आला की

पंचवटीने असे दिवस पाहिलेत. २७ ऑगस्ट २००३ ला पर्वणीच्या गर्दीत सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली, तिसाच्या वर भाविक गेले. ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस पेटली, १२ जण गेले. अशा वेळी दवाखान्यात डझनांनी जखमी एकदम येतात. डॉक्टर, नर्स, खाटा तेवढ्याच राहतात. त्याच वेळी गावाकडून सर्पदंशाचा पेशंट आला तर तोही त्याच दारात उभा राहणार.

पहिला डोस तालुक्यातच

म्हणून नाशिकचा रस्ता मोकळा होईपर्यंत पेशंट जगवायचं काम तालुक्यात व्हायला हवं. घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. नाग आणि मण्याराच्या विषाने श्वास बंद पडतो. आपल्याकडे मिळणारी सापाच्या विषावरची लस या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का, हे ग्रामीण रुग्णालयातही बघता येतं. विषाची लक्षणं दिसली की लस तिथंच सुरू करायची आणि मग पेशंट पुढे पाठवायचा. श्वास अडत असेल तर गाडीत श्वास देणारा माणूस सोबत हवा. लस न देता नुसता ‘नाशिकला न्या’ म्हणून पेशंट पाठवला, तर शहरातल्या डॉक्टरच्या हातात वेळ उरत नाही. भगताकडे गेलेला तासही पुन्हा मिळत नाही.

खासगी दवाखान्यांनीही हात वर करून चालणार नाही. अपघाताच्या, पोलीस केसच्या पेशंटलाही आधी जीव वाचवायचे उपचार द्यायचे, मग बाकीचं, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय. डॉक्टर सरकारी असो की खासगी.

ग्रामपंचायतींनी काय मागावं

एक, पेठ रोड आणि दिंडोरी रोडवरून जिल्हा रुग्णालयापर्यंत ॲम्ब्युलन्ससाठी पर्वणीतही मोकळा राहील असा मार्ग, आणि तो १०८ च्या चालकांना आधीच माहीत असणं. दोन, पावसाळ्याआधी तालुक्याच्या रुग्णालयात लसीचा पुरेसा साठा आणि रात्रीही हजर डॉक्टर. तीन, पेशंट निघाला की पुढच्या दवाखान्याला फोन.

घाट आणि रस्त्यांसाठी पैसा, माणसं मिळतात. ही तीन कामं त्या मानाने लहान आहेत. पण ठराव नसेल तर ती यादीत येणार नाहीत. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, ठरावाची प्रत तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.