उशाशी कोणते पुस्तक ठेवावे?



"सासूबाईंना आता वाचनात रस उरला नाही," असे एका सूनबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्या सासूबाई समोरच बसल्या होत्या. वय 81, निवृत्त शिक्षिका. त्या काही बोलल्या नाहीत. तपासले तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! शस्त्रक्रिया झाली, नवा चष्मा आला आणि घरच्यांनी हाती एक जाडजूड आध्यात्मिक ग्रंथ दिला. पुढच्या भेटीत बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, ज्यात थोडी भांडणे असतील असे काही सांगा हो."

मी श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' सुचवली. खेडकडच्या जगबुडीकाठची, दोन खंडांची कादंबरी. भांडणांना तोटा नाही. पथ्य एकच: असा वजनदार खंड निजून, छातीवर धरून वाचू नये. मान आणि मनगटे तक्रार करतात. टेबलावर उतरता आधार द्यावा, उजेड खांद्यामागून यावा.

पुस्तक वय पाहून नव्हे, माणूस पाहून द्यावे. लक्ष फार वेळ टिकत नसेल, तर पु. लं.चे 'व्यक्ती आणि वल्ली' उत्तम. प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र. त्यातला अंतू बर्वा तर आपल्या रत्नागिरीचाच. परंतु त्याच्या विनोदाखालचे एकाकीपण एकट्या राहणाऱ्याला बोचते, म्हणून तो कोणाच्या तरी सोबतीने वाचावा. खिडकीशेजारी खिळलेल्यांसाठी दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' आहे. चालू महिन्याचा लेख तेवढा काढावा.

अलीकडच्या पुस्तकांत कृष्णात खोत यांची 'रिंगाण' मला मोलाची वाटते. तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेले गाव आणि मागे राहिलेली म्हैस यांची ही कथा. उतारवयात गावचे घर सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये आलेल्यांना तिची ओळख पटेल. बोलीशी जुळायला थोडी पाने द्यावी लागतात, इतकेच.

स्मृतिभ्रंश असेल तेथे मात्र नव्याचा आग्रह नको. शाळकरी वयातले परिचित काही मोठ्याने वाचावे. तेच पान दहादा वाचले तरी चालते. "आठवते का?" अशी परीक्षा कृपया घेऊ नये.

आता शुश्रूषा करणाऱ्यांविषयी. अमेरिकेतील शल्यविशारद अतुल गावंडे यांचे 'बीइंग मॉर्टल' (2014) मराठीतही उपलब्ध आहे. त्यांचे वडील स्वतः शल्यविशारद, विदर्भातून तिकडे गेलेले. त्यांच्या मणक्यातील गाठीची आणि अखेरच्या काळाची हकीकत त्यात आहे. आजाऱ्याला कशाची भीती वाटते, काय गमावले तर जगणे नकोसे होईल, हे त्याला बोलता येते तोवर विचारावे, असे ते सुचवतात. हे वाचल्यापासून मीही घरोघरी हे प्रश्न विचारू लागलो. काही मुलांना ते आवडत नाहीत; आईवडिलांना बहुधा आवडतात. अतिदक्षता विभागाच्या बाकावर बसून हे पुस्तक वाचण्याची वेळ येऊ देऊ नका, आधीच वाचा.

वाचन सुटले तर प्रथम डोळे तपासा. मधुमेह असल्यास नेत्रपटलाची तपासणी दरवर्षी हवीच. 2 आठवडे कशातच रस वाटत नसेल, तर ते म्हातारपण समजू नका, नैराश्य असू शकते. आणि अक्षरे दिसतात पण अचानक वाचता येईनासे झाले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठा. तो पक्षाघात असू शकतो.

पुस्तके विकतच घ्यावी लागतात असे नाही. आपले जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचे आहे. बाईंचा दुसरा खंड सूनबाईंनीच आणून दिला. हल्ली त्याही वाचतात म्हणे, बाई झोपल्यावर.