साहेबांचे नाक आणि कायद्याचे मोजमाप

दुपारी दोनच्या सुमारास एखाद्या कारकुनाचे पाय अडखळतात, बोलणे असंबद्ध होते, आणि तासाभरात कचेरीत निकाल लागतो. दोन सहकारी ‘वास आला’ असे लिहून देतात; निलंबनाचा आदेश निघतो. माझ्या परिचयाच्या एका कचेरीत असेच घडले. तो गृहस्थ मधुमेही निघाला. रक्तातील साखर एकाएकी उतरली की माणूस झिंगल्यासारखा वागतो, आणि ती अतिशय वाढली तर श्वासालाही विशिष्ट वास येऊ शकतो. डॉक्टरला बोलवावे, एवढे मात्र कोणालाच सुचले नाही.

नशेत कामावर येणे हे गैरवर्तन होय, याविषयी वाद नाही. बसचालकाला किंवा यंत्रावरील कामगाराला संशय येताच दूर केलेच पाहिजे. परंतु कामावरून दूर करणे निराळे आणि दोषी ठरविणे निराळे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, तोंडाचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही. तो फौजदारी खटला होता आणि खात्यांतर्गत चौकशीत पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते, हे मान्य. तरीही वाहनचालकासाठी कायदा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा घालतो. कचेरीत मात्र साहेबांचे नाक हेच मोजमाप!

जो खरोखरच व्यसनाधीन आहे, त्याचे काय? त्याच्या बाबतीत आपण सारेच अपराधी असतो. वर्षानुवर्षे सहकारी त्याचे काम उरकतात, त्याच्या गैरहजेरीवर पांघरूण घालतात. मग एके दिवशी तोच ‘बिचारा’ अकस्मात ‘दारुडा’ ठरून बडतर्फ होतो. वीस वर्षांचा अनुभवी माणूस गमावणे हा हिशेबाच्या दृष्टीनेही आतबट्ट्याचाच व्यवहार. आणि शिक्षा भोगते कोण? त्याची बायको-मुले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९५ मध्येच या प्रश्नाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे, गुप्तता राखून उपचाराची संधी द्यावी, असे सुचविले. पुण्यात ‘मुक्तांगण’ १९८६ पासून उभे आहे. तेथे जाण्यासाठी लागणारी रजा मंजूर करावयास नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. उपचार नाकारले, तर शिस्तभंगाचा मार्ग मोकळा आहेच.

त्या मधुमेही कारकुनाचे निलंबन दीड महिन्याने रद्द झाले. आदेशात कारण लिहिलेले नाही. ‘वास आला’ असे लिहून देणारे दोघे अजूनही त्याच्या शेजारच्याच टेबलांवर बसतात.