लेखनशिबिराची फी कोण भरतो?

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात दर उन्हाळ्यात भरणारे ‘बिटवीन द लाइन्स’ हे किशोरवयीन लेखकांचे निवासी शिबिर २०२५ साली भरले नाही. २००८ साली सुरू झालेल्या या दोन आठवड्यांच्या शिबिरात निरनिराळ्या देशांतली सोळा-सतरा वर्षांची मुले एकत्र राहत, लिहीत, एकमेकांचे वाचत. परदेशी मुलांच्या खर्चाचा मोठा भार अमेरिकी परराष्ट्र खाते उचलत असे. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस त्या खात्याने विद्यापीठाच्या ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’ची अनुदाने तोडली. सरकारच्या आताच्या प्राधान्यांत आणि राष्ट्रहितात हा खर्च बसत नाही, असे कारण दिले. रक्कम दहा लाख डॉलरच्या आसपास. अमेरिकेच्या अर्थसंकल्पात तिला चिल्लर म्हणणेही जास्तच. ही बातमी आपल्याकडे कुणाच्या नजरेत भरण्याचे कारण नव्हते. आपल्या शहरांतल्या पालकांपर्यंत दुसऱ्याच शिबिरांच्या जाहिराती पोचतात: ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजमध्ये दोन आठवडे सर्जनशील लेखन, जुन्या दगडी इमारतीत मुक्काम, शेवटी प्रमाणपत्र, फी पाच हजार पौंड किंवा त्याहून जास्त. दोन्ही शिबिरांची माहितीपत्रके शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसणार नाही. तरीही त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांना वेगळे करते ते पैसे कोण देतो ही बाब. वर्गात कोण बसणार, ते कोणत्या भाषेत लिहिणार आणि कशासाठी लिहिणार, हे सगळे त्यावर ठरते.

आयोवाचा इतिहास इथे उपयोगी पडतो. तिथली ‘रायटर्स वर्कशॉप’ १९३६ सालची. कथा-कविता लिहून पदवी मिळवण्याची वाट तिने रुळवली. १९६७ साली पॉल एंगल आणि ह्वालिंग निए यांनी परदेशी लेखकांसाठी वेगळा उपक्रम काढला, तोच हा ‘इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम’. ओरहान पामुक १९८५ साली तिथे राहिले, हान कांग १९९८ साली, मो यान २००४ साली. तिघांनाही पुढे नोबेल मिळाले. आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे होते. या लेखकांनी इंग्रजीत लिहायला लागावे, अशी अट त्यांना कुणी घातली नव्हती. पामुक तुर्कीतच लिहीत राहिले, हान कांग कोरियनमध्ये, आणि चित्र्यांची मराठी कविता काही आयोवात सुटली नाही. मुलांच्या शिबिरानेही हेच तत्त्व उचलले. अरबी भाषक मुले लेखनाच्या वर्गात अरबीत लिहीत, शिकवणारा लेखकही अरबीतच लिहिणारा असे. पुढे रशियन मुलांसाठीही तशीच सोय झाली. साहित्यवाचनाचा वर्ग मात्र सगळ्यांचा मिळून, इंग्रजीत. म्हणजे लिहायचे आपल्या भाषेत आणि बोलायचे सगळ्यांना समजेल अशा भाषेत. सोळाव्या वर्षी ज्या भाषेत मूल भांडते, लाजते, खोटे बोलते, तिच्यातच त्याला वाक्याचा तोल सापडायला लागतो. ती भाषा दाराबाहेर काढून ठेवायला लावणारा वर्ग फार तर नीटनेटके निबंध लिहवून घेईल.

अशा वर्गात नेमके चालते काय, याबद्दल आपल्याकडे बरेच गूढ आहे. प्रत्यक्षात रीत साधी असते. एकाचे लिखाण आदल्या दिवशी सगळ्यांना वाटायचे, दुसऱ्या दिवशी दहा-बारा जणांनी त्यावर बोलायचे, आणि ज्याचे लिखाण आहे त्याने तोवर गप्प बसायचे. या गप्प बसण्याच्या नियमावर अमेरिकेतच अलीकडे पुष्कळ टीका झाली आहे. मॅथ्यू सॅलेसिस आणि फेलिशिया रोझ चावेझ या दोघांची २०२१ सालची पुस्तके सांगतात की, बहुसंख्य वर्गाला जे ओळखीचे तेच ‘चांगले’ ठरते आणि वेगळ्या घरातून आलेल्या मुलाला आपल्या गोष्टीची बाजू मांडायचीही सोय राहत नाही. टीका रास्त आहे. म्हणून आता अनेक ठिकाणी लेखकच आधी प्रश्न विचारतो आणि वाचणारे त्याला उत्तरे देतात. पण नियम कोणताही असो, मुलाच्या पदरात पडणारी मुख्य गोष्ट म्हणजे वाचक. आई नव्हे, बाई नव्हेत, परीक्षक तर नव्हेच. आपल्याच वयाचा, आपल्याशी काहीही देणेघेणे नसलेला वाचक. तो परभाषक असेल तर आणखी बरे, कारण आपण गृहीत धरलेल्या नेमक्या जागी तो अडतो आणि विचारतो. आपल्या दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन आहे, आत्मकथन आहे, प्रसंगलेखनही आहे. हे सगळे जेमतेम शंभरेक शब्दांत उरकायचे आणि ते वाचणार एकच माणूस, तोही गुणांचा तक्ता समोर ठेवून. तिथे लेखन असते, वाचक नसतो. आयोवाने मुलांना दिला तो वाचक, आणि तो द्यायला मक्याच्या शेतांनी वेढलेले ते गावच लागते असे नाही.

आता पौंडांत फी घेणारी शिबिरे बघू. इंग्लंडमधल्या जुन्या विद्यापीठांची महाविद्यालये उन्हाळ्यात रिकामी पडतात. खासगी कंपन्या त्यांच्या खोल्या भाड्याने घेतात आणि तिथे स्वतःचे वर्ग भरवतात. विद्यापीठाचा त्या वर्गांशी शैक्षणिक संबंध बहुतेक वेळा नसतो. यात बेकायदा काही नाही आणि शिकवणारे तरुण लेखकही पुष्कळदा चांगले असतात. अडचण शिकवण्यात नाही. जो फी भरेल तो आत, अशी निवड असली की वर्गात मुंबई, दुबई, शांघाय, इस्तंबूल अशा चार-सहा शहरांतली पण आर्थिकदृष्ट्या एकाच मजल्यावरची मुले जमतात. सगळी इंग्रजी शाळांतली, सगळ्यांनी तीच पुस्तके वाचलेली, तेच चित्रपट पाहिलेले. पासपोर्ट निराळे, अनुभव एकसारखे. जिथे अडणारा, विचारणारा परका वाचकच उरत नाही, तिथे लाखो रुपये मोजून मूल स्वतःच्याच प्रतिबिंबांत जाऊन बसते. शिवाय पालक विकत घेतात ती वस्तूही लेखन नसते. अमेरिकी महाविद्यालयांच्या सामायिक प्रवेशअर्जात शाळेबाहेरच्या दहा उपक्रमांसाठी जागा असते आणि साडेसहाशे शब्दांचे एक मनोगत लिहायचे असते. उन्हाळ्यातले लेखनशिबिर या दहातली एक ओळ भरते आणि त्या साडेसहाशे शब्दांना धार लावून देते, असा हिशेब असतो. विकत घेतलेल्या उपक्रमाला फारसे वजन देत नाही, असे कितीतरी प्रवेश-अधिकारी उघड सांगतात, तरी हिशेब सुटत नाही. अर्ज डोळ्यांपुढे ठेवून लिहिणारे मूल ‘यातून मी काय शिकलो’ हे वाक्य आधी ठरवते आणि मग त्याला साजेसा अनुभव शोधते.

पैसे पालकांचे, मूल त्यांचे. वर्तमानपत्राने नाक खुपसायचे कारण काय, असे कुणी विचारेल. खुपसू नये, हे मान्य. दोन आठवडे घराबाहेर राहणे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, अनोळखी मुलांशी मैत्री करणे, यातून मुले मोठी होतात हेही खरे. त्यासाठी ज्यांना पाठवायचे त्यांनी खुशाल पाठवावे. फक्त त्याला सहल म्हणावे. प्रश्न खासगी खर्चाचा नाही, समजुतीचा आहे. लेखन ही परदेशात, इंग्रजीत, फी भरून शिकायची गोष्ट आहे, ही समजूत एकदा मुरली की सोलापूरच्या किंवा डिचोलीच्या ज्या मुलीच्या वहीत खरोखर काही आहे तिला आपल्यासाठी कुठे जागाच नाही असे वाटू लागते. आणि ज्यांच्याकडे धोरण ठरवायची सत्ता आहे त्यांची स्वतःची मुले तिकडे जात असल्यामुळे इथे काही उणे आहे हे त्यांना जाणवतही नाही.

याहून अवघड आक्षेप सरकारी पैशाबद्दलचा आहे. सरकार पैसे देते तेव्हा त्याचाही काही हेतू असतो. आयोवाचा इतिहास या बाबतीत सोवळा नाही. शीतयुद्धाच्या काळात पॉल एंगल यांना मदत करणाऱ्यांत फारफील्ड फाउंडेशन होते आणि ते सीआयएचा पैसा पोचवणारा मुखवटा होते, हे पुढे उघड झाले. अरब देशांतल्या मुलांना २००८ साली अमेरिकेत बोलावण्यामागेही निव्वळ साहित्यप्रेम होते, असे मानायला आपण बाळबोध नाही. आपल्याकडे सरकारने असे शिबिर भरवले तर पहिल्या दिवशी मंत्र्यांचे भाषण आणि शेवटच्या दिवशी स्वच्छतेवरच्या कविता होतील, ही भीतीही निराधार म्हणता येत नाही. पण आयोवात देणाऱ्याचा हेतू आणि वर्गातले लेखन यांच्यामध्ये एक विद्यापीठ उभे होते. कुणाला निवडायचे, काय वाचायचे, कोण शिकवणार, हे लेखक-अध्यापक ठरवत. हे अंतर होते म्हणून शिबिर चालले. अंतर राखता आले, मोठी तिजोरी मात्र एकच होती, म्हणून एका पत्रासरशी शिबिर थांबले. त्यातून निघणारा धडा सार्वजनिक पैसा टाळावा असा नाही. तो एकाच खिशातून येऊ नये आणि खिसेवाल्याने वर्गात येऊ नये, असा आहे.

इंग्लंडमध्ये याचे जुने उदाहरण आहे. जॉन फेअरफॅक्स आणि जॉन मोट या दोन कवींनी १९६८ साली डेव्हनमध्ये शाळकरी मुलांचा एक गट घेऊन आर्वन ही संस्था सुरू केली. शाळेच्या बाहेर, गावापासून दूरच्या घरात पाच दिवस, सोबत दोन लिहिते लेखक, आणि स्वयंपाक सगळ्यांनी पाळीपाळीने करायचा. कवी टेड ह्यूज यांचे यॉर्कशरमधले घरही पुढे या संस्थेकडे आले. कला परिषदेचे अनुदान, देणग्या आणि ऐपतीप्रमाणे फी यांच्या मेळावर ती अर्धशतकाहून अधिक काळ टिकून आहे. आपल्याकडे यातले काय नाही? महाबळेश्वर-पाचगणीच्या मधले भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले, तेही वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचून. घराघरांत पुस्तके मांडलेली, पर्यटकांना ठेवून घ्यायची सवय असलेली माणसे, उन्हाळ्यात सुसह्य हवा. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१पासून मुलांसाठी निघते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. त्याचे पेढे वाटून झाले, आता पुढच्या पिढीतले लिहिणारे कुठून येणार हे बघायला हरकत नाही. हिशेब मांडून पाहू. तीस मुले, चौदा दिवस, राहण्या-जेवण्याला माणशी रोज दीड हजार रुपये धरले तर सहा लाख तीस हजार होतात. ऑक्सफर्डची फी, विमानभाडे आणि व्हिसा मिळून एका मुलामागे खर्च याहून कमी येत नाही. लेखकांचे मानधन आणि एसटीची तिकिटे वरून धरली तरी दोन-तीन मुलांच्या परदेशवारीत तीस मुलांचे भिलार होते. ज्या राज्यात शाळांना पुरेसे शिक्षक नाहीत तिथे ही चैन कशाला, या प्रश्नाला हा आकडाच उत्तर देतो: एवढ्या पैशात शिक्षकांची एकही समस्या सुटणार नाही, आणि शिबिर न भरवल्याने वाचलेला पैसा कुठल्या शाळेत पोचणारही नाही.

लेखन शिकवता येत नाही, हा आपला लाडका युक्तिवाद राहिला. मुलाला गाण्याच्या क्लासला घालताना तो भीमसेन होईल का, असे आपण विचारत नाही. सूर कळला, कान तयार झाला तरी फी वसूल झाली असे मानतो. लेखनाला मात्र प्रतिभा हवी म्हणून आपण मोकळे होतो. प्रतिभा शिकवता येत नाही हे खरेच, पण आपलेच वाक्य दुसऱ्याच्या कानाने ऐकणे, नको ते काढून टाकणे, अर्धवट राहिलेले पुरे करणे ही सवयीची कामे आहेत आणि सवय सोबतीने लागते. तीस मुलांतून लेखक एखादा निघेल, कदाचित एकही नाही. उरलेली सगळी चांगले वाचक होऊन परततील, आणि वाचकांच्या दुष्काळाबद्दल मराठी प्रकाशक करतात ती तक्रार बघता तेवढेही पुष्कळ झाले.

परका वाचक मात्र आणावा लागेल, नाहीतर भिलारही पुण्या-मुंबईच्या मुलांचे संमेलन होईल. त्यासाठी फार लांब बघायला नको. गोव्यातली, बेळगावातली, इंदूर-बडोद्यातली मराठी मुले आहेत. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळांत शिकणारी मुले आहेत. त्यांचे मराठी अडखळते, पण आपल्याला जे सांगायची गरजच वाटत नाही तेच ती विचारतील. त्यांच्यासाठी हे खरोखरीचे परदेशी शिबिर ठरेल, फक्त प्रवास उलट्या दिशेने. सुट्ट्या जुळणे कठीण आहे. त्यांची सुटी सुरू होते तेव्हा आपली संपत आलेली असते, आणि जूनच्या मध्यानंतर त्या घाटमाथ्यावर पावसात वह्या कोरड्या राहत नाहीत. तेव्हा जूनचा पहिला पंधरवडाच हाती उरतो. निवडीसाठी दहा पाने मागवावीत, अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी ज्याची मराठी असेल तिच्यात. गुणपत्रिका मागू नये, मुख्याध्यापकांचे शिफारसपत्रही नको, आणि पाकिटावरचे नाव झाकून ती पाने दोन लेखकांनी वाचावीत.