फॉरमॅट मारण्याआधी

मंडळी, विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून नात्यागोत्यातून मला एकच प्रश्न येतो. "काका, जुना लॅपटॉप भंगारात घालू का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. घालू नका! आमच्या जालन्यात भंगारसुद्धा वाया जात नाही, भट्टीत वितळवून त्याच्या सळया होतात. मग चालतं यंत्र का टाकायचं?

लॅपटॉप मंद होतो तेव्हा दोष बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो. जुन्या डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते, लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे, आणि एक बारीक दांडी तिच्यावरून माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. २.५ इंची एसएसडी बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्कच्याच जागी बसते. राहिली विंडोज. ११ व्या आवृत्तीला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून जुनी यंत्रं तिच्या नियमात बसत नाहीत. मी लिनक्स मिंट घातलं. फुकट आहे, मराठी उत्तम दिसतं. पूर्वी लॅपटॉप सुरू करून चहा टाकला तर चहा पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. आता चहाचं आधण ठेवायलाही सवड मिळत नाही!

इथवर कोणीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळंच.

माझ्या एका शिक्षकमित्राने निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून आपल्या गावाचा इतिहास टाइप केला होता. लॅपटॉप मंदावला म्हणून दुकानात दिला. दुकानदाराने इमानदारीने सगळ्या फायली कॉपी केल्या, फॉरमॅट मारला, नवी विंडोज घालून दिली. फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती भेळ! एकही फाइल हरवली नव्हती. हरवला होता तो फॉन्ट. त्याचं नाव ना मित्राला आठवत होतं, ना दुकानदाराला ठाऊक होतं.

असं का होतं? युनिकोड रुळण्याआधी आपण जे मराठी टाइप केलं, ते संगणकाच्या लेखी मराठी नव्हतंच. श्रीलिपी, आयएसएम, कृतीदेव अशा फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. फाइलमध्ये साठत होतं इंग्रजी, डोळ्यांना दिसत होतं मराठी. युनिकोडमध्ये 'क'ला स्वतःचा २३२५ हा क्रमांक आहे, तो कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. देवनागरी १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत होती, पण शाळा, छापखाने आणि कचेऱ्या पुढेही बरीच वर्षं जुन्याच फॉन्टांवर चालल्या.

आता गंमत पाहा. डिस्क बदलताना माणूस फोटो, कागदपत्रं आठवणीने घेतो. फॉन्ट मात्र विंडोजच्या पोटातल्या फॉन्ट्स नावाच्या फोल्डरमध्ये असतात. ते फोल्डर कोण उचलणार?

माझ्या डिस्कवर सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. घनसावंगी तालुक्यातल्या त्यांच्या घरी त्या सांगत गेल्या, आमच्या हिने लिहून घेतल्या, मी २००४ साली टाइप केल्या. त्या आता नाहीत. ओव्यांच्या वहीला वाळवीने गाठलं. राहिली ती फाइल. म्हणून डिस्कला हात लावू देण्याआधी मी तीन कामं केली. फॉन्ट्सचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. प्रत्येक जुन्या फाइलचं पीडीएफ केलं, कारण त्यात फॉन्ट सहसा आतच बांधला जातो आणि निदान वाचता तरी येतं. आणि कोणती फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, ते कागदावर लिहून ठेवलं. मग परिवर्तकाने सगळं युनिकोडमध्ये आणलं. जुनी डिस्क विकली नाही, डबीत घालून कपाटात ठेवली आहे.

परिवर्तक मोफत मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. तिथे आणि रफारापाशी हमखास गडबड होते. म्हणून आम्ही दोघं रोज संध्याकाळी बसलो, मी वाचायचो, ही तपासायची. एखादा शब्द फुटलेला निघाला की ही ओवी गुणगुणून पाहायची आणि शब्द सापडायचा.

म्हणूनच मी आग्रहाने सांगतो, हे काम पुढच्या पिढीवर सोडू नका. मुलं आपल्यापेक्षा हुशार आहेत, डिस्क दहा मिनिटांत बदलतील. पण फुटलेल्या ओळीत काय असावं, हे त्यांना कळायचं कसं? गावोगावच्या ग्रंथालयांच्या याद्या, शाळांची हस्तलिखितं, साप्ताहिकांचे जुने अंक, कुणाच्या आजीची पत्रं असं कितीतरी मराठी अशा डिस्कांवर पडून असेल. ते ज्यांनी टाइप केलं ते बहुतेक साठी-सत्तरीचे झाले आहेत.

यंत्र नवं करा, जरूर करा. फक्त दुकानदाराने "सर, मारू का फॉरमॅट?" असं विचारलं, की आधी त्याला विचारा, "फॉन्ट घेतलेस का रे बाबा?"